कमळ आणि साळक: फुलझाडांची भावकी कशी लावायची

देवळामागच्या तळीत साळकं, म्हणजे पाण्यातली कुमुदं, फुलली की मी नववीच्या मुलांना तिथे घेऊन जाते. बादलीत एक कमळ ठेवलेलं असतं. पहिला प्रश्न ठरलेला: "ही दोन भावंडं का रे?" सगळे हो म्हणतात. कॉलेजात असताना मीही दोन्ही एकाच कुळात लिहिली होती. बेंथम आणि हुकर या एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांच्या जुन्या मांडणीत ती तशीच होती.

आधी दोन्ही पानं हातात घ्या. साळकाचं पान देठापर्यंत चिरलेलं, पाण्यावर पसरलेलं. कमळाचं अखंड गोल, देठ मधोमध, वर पाणी टाकलं की थेंब घरंगळतात. पण फरक दिसला म्हणून निकाल देऊ नका, आणि साम्य दिसलं म्हणूनही नको. पाण्यात वाढणाऱ्या परक्या झाडांनाही पाणी एकसारखं घडवतं.

आता पराग. कमळाच्या केसरावरचे थोडे काचपट्टीवर झटका, थेंबभर पाणी घाला, वर पातळ काच ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली कण सावकाश फिरू द्या, घाई नको. कडेने मोजत गेलात की तीन खाचा सापडतात. कुंडीत पेरलेल्या मोहरीच्या फुलाचे पराग बघा, पुन्हा तीन. माडाच्या परागावर एकच लांब खाच. साळकाच्या परागावर तीन खाचा मिळतच नाहीत. मुलं आळीपाळीने डोळा लावतात आणि मग वर्ग गप्प होतो. तो क्षण मला फार प्रिय आहे.

तीन खाचांना एवढं महत्त्व का? कारण ती खूण नवी आहे. एका शाखेच्या पूर्वजात आली आणि वंशजांकडे उतरली. दोन बीजपत्रं ही जुनी खूण, ती पुष्कळ शाखांकडे तशीच राहिली. गावात सगळेच कोकणी बोलतात, म्हणून सगळे एका घरचे होत नाहीत. भावकी लावताना नव्या, सामायिक खुणाच धरायच्या.

कमळ मोहरीच्या बाजूचं, साळकाच्या नव्हे, हा डोळ्यांनी लागलेला निकाल मग डीएनएवर तपासतात. हरितकणांतल्या आरबीसीएल या जनुकाची अक्षरं शेकडो झाडांत ताडून पाहणारा मोठा अभ्यास 1993 मध्ये आला. 1998 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने अशा पुराव्यांवर एपीजी ही फुलझाडांची नवी मांडणी जाहीर केली. 2016 च्या चौथ्या आवृत्तीत 64 गण, म्हणजे कुळांचे मोठे गट, आणि 416 कुळं आहेत. तिच्यात साळक अगदी तळाजवळच्या फांदीवर आहे, आणि कमळाचा जवळचा नातेवाईक आहे काश्मीरचा चिनार!

हे मुलांच्या गळी उतरवायला मी पडलेली एक वाळकी फांदी घेते. फाटे कमी असतील तर काड्या दोऱ्याने बांधते. सर्वांत खालच्या फाट्यावर साळकाची चिठ्ठी. वर एका फाट्यावर मिरी, जायफळ, दालचिनी, सोनचाफा, सीताफळ; ही सगळी कुळागरातली, म्हणजे पोफळीच्या बागेतली, एकाच मोठ्या शाखेची मंडळी. दुसऱ्यावर माड, पोफळ, केळ, हळद. शेंड्याकडे कमळ, मोहरी, आंबा, काजू. आंबा आणि काजू तर एकाच कुळातले. दोघांच्या चिकाने कातडी भाजते, हे भाटात, म्हणजे बागायतीत, काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मग हातात कोयती देऊन नियम सांगायचा: एकाच घावात जेवढं खाली पडेल, तेवढाच खरा गट. माडाचा फाटा तोडला, त्यातले सगळे एकदल, म्हणजे एकच बीजपत्र असलेले, एका घावात पडले. आंबा-काजूचंही तसंच. "आता सगळी द्विदलं, दोन बीजपत्रांची झाडं, पाड, पण माड वरच राहिला पाहिजे."

परवा एक मुलगी बराच वेळ कोयती धरून उभी होती. तिने मिरीचा फाटा धरला, सोडला, साळकाकडे गेली, परत शेंड्याकडे आली.

"टीचर, एका घावात होत नाही."

"कितीत होतं?"

तिने मोजलं. "तीन."

म्हणूनच एपीजीत 'द्विदल' नावाचा गट नाही.