ब्रॅकीनचा निकाल वाचायचा तर सुरुवात मागून करा

घटनात्मक कायद्याच्या वर्गात मी 'हालंड विरुद्ध ब्रॅकीन' वाचायला दिला की मुलं पहिल्या पानापासून सुरू करतात आणि लोकसच्या (दावा लावण्याचा हक्क मुळात आहे का, या) चर्चेपर्यंत पोचण्याआधीच दमतात. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा १५ जून २०२३ चा हा निकाल सरळ वाचण्याचा नाहीच. आधी ज्या कायद्यावर भांडण आहे तो काढा: मूळनिवासी अमेरिकन मुलांना घरातून काढणं आणि दत्तक देणं यावरचा १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट, बोलताना 'इक्वा'.

तो का आला हे दोन ओळींत. मूळनिवासींची २५ ते ३५ टक्के मुलं आईबापांपासून तोडली गेल्याचं त्या वेळच्या पाहण्यांत दिसलं होतं, आणि त्यातली बहुतेक जमातीबाहेरच्या घरी गेली होती.

आता याच कायद्याचं कलम १९१२ पेन्सिल घेऊन वाचा. मूल मूळनिवासी आहे असं कळलं, की आईबापांना आणि जमातीलाही रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस जाते. ती पोचल्यापासून १० दिवस सुनावणी नाही. मागितले तर तयारीला आणखी २० दिवस. कुटुंब टिकवण्यासाठी 'सक्रिय प्रयत्न' केले आणि ते फसले, हे दाखवावं लागतं. मूल फॉस्टर केअरमध्ये (तात्पुरतं दुसऱ्या घरी सांभाळायला) ठेवायचं तर स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा हवा. पालकत्वाचा हक्कच संपवायचा तर वाजवी संशयापलीकडचा, म्हणजे फौजदारी खटल्यातला. दोन्हीकडे तज्ज्ञ साक्षीदार लागतोच. हे प्रयत्न दाखवण्याचं ओझं कोणावर आहे, त्या शब्दांखाली रेघ मारा: 'कोणताही पक्षकार'. नुसतं राज्य सरकार नव्हे, खासगी दत्तक संस्थाही. ही रेघ पुढे कामाला येते.

मग कलम १९१५. दत्तक देताना पसंतीचा क्रम असा: नातेवाईक, त्याच जमातीतले इतर लोक, आणि शेवटी कोणतंही मूळनिवासी कुटुंब. तिसऱ्या पायरीवर थांबा. मूल एका जमातीचं आणि घर भलत्याच जमातीचं, तर हा भेद राजकीय की वांशिक? जमातीचं सदस्यत्व हे राजकीय नातं आहे असं १९७४ च्या मॉर्टन विरुद्ध मंकारीपासून मानलं जातं. पण तिसऱ्या पायरीला तो आधार लंगडा पडतो असं माझं मत. पाचव्या सर्किटचं, म्हणजे हे प्रकरण आधी ऐकणाऱ्या केंद्रीय अपील न्यायालयाचं, पूर्ण खंडपीठही २०२१ मध्ये या पायरीवर समसमान विभागलं होतं.

आता निकाल उघडा, पण न्यायमूर्ती गोर्सच यांच्या सहमतीच्या मतापासून. मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या बोर्डिंग शाळांपासूनचा इतिहास तिथे आहे, आणि तो वाचल्याशिवाय न्यायमूर्ती बॅरेट यांचं बहुमताचं लेखन कोरडं वाटतं. मग बहुमताला तीन प्रश्न विचारा. संसदेला असा कायदा करण्याचा अधिकार आहे का? आहे. केंद्राने राज्यांना आपल्या हुकमाचे ताबेदार केलंय का? नाही, 'कोणताही पक्षकार' आठवा. समान संरक्षणाच्या (कायद्याने वंशावरून भेद करू नये, या) तत्त्वाचा भंग होतो का? उत्तरच दिलेलं नाही.

परीक्षेत दरवर्षी कोणीतरी लिहितं, 'न्यायालयाने वंशभेदाचा मुद्दा फेटाळला.' मी गुण कापतो. दत्तक घेऊ पाहणाऱ्या कुटुंबांनी दावा लावला तो केंद्राच्या अधिकाऱ्यांवर, आणि पसंतीचा क्रम लावतात राज्यांची न्यायालयं, ज्यांच्यावर त्या दाव्यातला हुकूम बंधनकारक झालाच नसता. म्हणजे जिंकूनही हाती कागदच. दाव्यात सामील असलेल्या टेक्सास राज्याला तर समान संरक्षणाचा स्वतःचा हक्कच नाही. म्हणून लोकस नाही, आणि मुद्दा उघडाच राहिला. कॅव्हनॉ यांचं छोटंसं सहमतीचं मत खास हेच सांगायला लिहिलंय. थॉमस आणि अलिटो यांची विरोधी मतं (निकाल ७-२) त्यानंतर वाचा. थॉमस यांचा आक्षेप अधिकाराच्या मुळावर आहे, तो नीट समजून घ्या. अलिटो यांचं मत त्या मानाने आटोपशीर.

तुलना हवी असेल तर कॅनडाचा ९ फेब्रुवारी २०२४ चा निकाल घ्या. क्यूबेक प्रांताच्या अपील न्यायालयाने तिथल्या मूळनिवासी मुलांविषयीच्या कायद्यातल्या दोन तरतुदी २०२२ मध्ये अवैध ठरवल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अख्खा कायदा उचलून धरला. तो क्यूबेक सरकारने पाठवलेला रेफरन्स होता, म्हणजे कायदा वैध आहे का असा न्यायालयाला थेट विचारलेला प्रश्न, त्यामुळे लोकसची पळवाटच नव्हती.

अमेरिकेत समान संरक्षणाचा प्रश्न पुन्हा वर यायचा तर तो राज्याच्या न्यायालयात हरलेल्या एखाद्या दत्तक प्रकरणातून येण्याची शक्यता जास्त. अशी अपिलं शोधताना शोधचौकटीत इक्वाबरोबर १९१५ हा आकडा टाका.