चोथा वाढवायचा, पण बेताने

पोट नीट साफ होत नाही म्हणून एका दिवसात ताटभर कच्च्या भाज्या, वाटीभर कडधान्य आणि वर चमचाभर कोंडा सुरू केला, की तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं फुगतं. मग 'आपल्याला हे मानवत नाही' म्हणून सगळंच बंद होतं. बहुतेक वेळा पदार्थांचा काही दोष नसतो, घाई नडते.

चोथा, म्हणजे फायबर, लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जीवाणू त्यातला काही भाग आंबवतात आणि त्यातून वायू तयार होतो. एकदम जास्त चोथा आला की वायूही एकदम जास्त. जीवाणूंना आणि आतड्याला नव्या खाण्याची सवय व्हायला काही आठवडे जातात.

प्रौढ माणसाला दिवसाला किमान 25 ग्रॅम चोथा मिळावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण कुठे आहोत ते आधी बघा: दोन दिवस जे खाल ते लिहून काढा आणि ढोबळ बेरीज करा. मध्यम आकाराच्या सफरचंदात सालीसकट सुमारे 4 ग्रॅम चोथा असतो, केळ्यात 3, 40 ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये 4, अर्धा कप शिजलेल्या मसुरात 7 ते 8, 100 ग्रॅम गाजरात जवळपास 3. गाळलेल्या फळांच्या रसात जवळजवळ काहीच नाही. तो फळाच्या हिशोबात धरू नका.

आता वाढ. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या रोजच्या चोथ्यापेक्षा एकूण 4-5 ग्रॅमच जास्त घ्या आणि तेही एकाच पदार्थाने, म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला ते कळेल. फळापासून सुरुवात सोपी. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड पाव कप शिजलेलं कडधान्य, तिसऱ्यात मैद्याऐवजी कोंड्यासकट पीठ. एखाद्या टप्प्यावर वायू फार झाला तर आठवडाभर तिथेच थांबा. शून्यावर परत गेलात तर पुन्हा पहिल्यापासून तोच त्रास. आणि आज खाल्लेल्याचा निकाल आजच लावू नका. अन्न बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे सकाळच्या तक्रारीचं खापर आदल्या रात्रीच्या जेवणावर फोडणं पुष्कळदा चुकतं.

कडधान्यांनी वायू होतो, कारण त्यांतल्या काही शर्करा पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसतं. त्यांतल्या बऱ्याचशा पाण्यात उतरतात, म्हणून 8 ते 12 तास भिजवा, ते पाणी ओतून द्या आणि शिजवायला ताजं पाणी घ्या. भिजवलेलं पाणी 'सत्त्व जाईल' म्हणून वापरणारे वायू जसाच्या तसा पदरात घेतात. राजम्याच्या बाबतीत मात्र प्रश्न वायूपुरता नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने जोराच्या उलट्या होतात. भिजवून, पाणी बदलून, खळखळत्या पाण्यात निदान 30 मिनिटं उकळा आणि दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात थेट टाकू नका; त्यात पुरेशी उष्णता मिळेलच असं नाही.

चोथा वाढला की पाणीही वाढायला हवं, रोजच्यापेक्षा एक-दोन पेले. कोंडा खाऊन पाणी न पिणाऱ्याचा मल उलट कडक होऊ शकतो. इसबगोल घेत असाल तर एका लहान चमच्याला पूर्ण पेला, सुमारे 240 मिलि पाणी. ढवळून लगेच प्या, नाहीतर त्याचा लगदा होतो. कोरडं तोंडात टाकणं धोक्याचं आहे, ते फुगून घशात किंवा अन्ननलिकेत अडकू शकतं. इतर औषधं आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गिळायला त्रास होत असेल तर ते घेऊच नका. कोंड्याने ज्यांचं पोट जास्तच दुखतं त्यांनी तो सोडून ओट्स किंवा इसबगोलसारखा विरघळणारा चोथा धरावा.

दुधाने पोट बिघडतं, पण दह्याने नाही, असं अनेकांचं असतं. दह्यातले जीवाणू त्यातली दुग्धशर्करा फोडायला मदत करतात. हे जिवंत जीवाणू उकळल्यावर मरतात, म्हणून दही शिजवून खाल्लं तर हा फायदा धरू नका. एवढं सगळं करूनही वायू जात नसेल तर 'शुगर-फ्री' च्युइंगगमचं पाकीट वाचा. सॉर्बिटॉल आणि त्याची भावंडं पोट फुगवतात, जास्त झाली तर जुलाबही होतात.

जेवणानंतर मोठं आतडं आपोआप जागं होतं, सकाळी तर विशेष. न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत शौचाला जायची वेळ ठेवा, कमोड असेल तर पायाखाली लहान स्टूल घ्या, आणि दहा मिनिटांत काही झालं नाही तर कुंथत बसू नका. आलेली कळ वारंवार दाबून ठेवली तर मल आत राहून आणखी सुकतो. छातीत जळजळ होत असेल तर रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी संपवा.

शौचाला दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा जाणं, यातलं काहीही नेहमीचं असू शकतं; रोज झालीच पाहिजे या हट्टापायी रेचकं घेऊ नका. पण मलातून रक्त जाणं, डांबरासारखा काळा मल, कारण नसताना वजन उतरणं, गिळताना अडकणं, किंवा सवयीत तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला बदल, यांवर आहाराचे प्रयोग करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, त्या चालू असतील तर तेही सांगा. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, तर चोथा पूर्ण बंद करून ताबडतोब दवाखाना गाठा.