स्नायू शिकायचा तर हात लावून: बेटकुळीपासून मटणाच्या तुकड्यापर्यंत

नववीच्या विज्ञानात ऊतींचा (सारखं काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा) भाग आला की फळ्यावर तीन रकाने पडतात: पटकी (पट्टे असलेले) स्नायू, अपटकी (बिनपट्ट्यांचे) स्नायू, हृदय स्नायू. मुलं ते पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि दहावीत जाईपर्यंत विसरून जातात. मी कोल्हापुरात एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. ज्या वर्गातल्या कित्येक पोरांचे काका-मामा तालमीत घुमलेले आहेत, तिथं स्नायू नुसता पाठ करून घेणं मला पटत नाही. म्हणून मी हा भाग ज्या क्रमानं शिकवते, तो इथं देते. शिक्षकांना तो वर्गात घेता येईल, आईवडिलांना रविवारी घरी. सूक्ष्मदर्शक तेवढा शाळेचा लागेल, बाकी सगळं आपल्या अंगावर आणि स्वयंपाकघरात आहे.

सुरुवात बेटकुळीनं करा. उजवा तळहात वर करून टेबलाच्या खालून लावायचा आणि टेबल उचलायला बघायचं. डाव्या हातानं उजवा दंड चाचपायचा. पुढचा बायसेप्स टणक झालेला असतो, मागचा ट्रायसेप्स मऊ. आता तळहात टेबलावर पालथा ठेवून खाली दाबा. पुढचा सैल पडतो, मागचा कडक होतो. इथं मुलांना थांबवून विचारायचं, "दाबताना तुम्ही ढकलताय की ओढताय?" सगळे म्हणतात ढकलतोय. हात ढकलतोय हे खरं, पण स्नायू ओढतोच आहे. ट्रायसेप्स कोपराच्या मागच्या टोकाला धरून ते वर खेचतो, म्हणून हात सरळ होतो. शरीरातले सहाशेहून जास्त कंकाल स्नायू, म्हणजे हाडांना जोडलेले स्नायू, हेच एक काम करतात: आखडतात आणि ओढतात. ढकलणं स्नायूला येत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे स्नायू लागतात. एवढी एक गोष्ट पक्की झाली की पुढचं सगळं तिच्यावर बसतं, त्यामुळे इथं घाई करू नका. भिंत ढकलून बघू दे, पंजा लढवून बघू दे, प्रत्येक वेळी कोणता स्नायू कडक झाला ते दुसऱ्यानं चाचपून सांगू दे.

त्यानंतर मटण. हा प्रयोग श्रावणात ठेवू नका. निम्म्या घरांत मटण बंद असतं आणि मुलं संकोचतात. आखाडात उरकलेला बरा. सोमवार, शनिवारही टाळा. ज्या मुलांच्या घरी खात नाहीत त्यांना हात लावायची सक्ती करू नका. ती मुलं सूक्ष्मदर्शक सांभाळतात, आकृती काढतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात नीट आकृत्या त्यांच्याच असतात.

रविवारी सकाळी दुकानात जाऊन तीन गोष्टी मागायच्या: मांडीचा चरबी नसलेला छोटा तुकडा, बोकडाचं हृदय आणि वजडीचा (जठर-आतड्याचा) एक तुकडा. पटकी, हृदय आणि अपटकी असे तीन प्रकारचे स्नायू झाले. मटण अगदी ताजं, नुकतंच कापलेलं असेल तर घरी आणल्यावर लगेच ताटलीत ठेवून बघा. कधी कधी मांडीचा तुकडा मधूनच फुरफुरतो. वर चिमूटभर मीठ टाकलं की जास्त. एकदा एक मुलगा ओरडलाच, "मॅडम, ह्यो हालतोय की अजून!" मेंदू नाही, मज्जारज्जू नाही, तरी हलतोय. उद्दीपन मिळालं की प्रतिसाद देणं हा गुण स्नायूपेशीचा स्वतःचा आहे, हे यापेक्षा नीट कुठलंही पुस्तक दाखवू शकत नाही. पुस्तकात याला उत्तेजनक्षमता म्हटलेलं असतं. प्राणी मेला तरी पेशी त्याच क्षणी मरत नाहीत, त्यांच्यात थोडी ऊर्जा शिल्लक असते. काही तासांनी तोच तुकडा ताठ होतो. ते का, ते पुढे येतं.

आता काचपट्टी. मांडीच्या तुकड्यातून तांदळाच्या दाण्याहून लहान कण घ्या. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाका. शंभर मिलिलिटर पाण्यात साधारण एक ग्रॅम मीठ पुरे. दोन सुया घ्या, एकीनं कण दाबून धरायचा आणि दुसरीनं तो लांबीच्या दिशेनं विंचरत जायचं, आडवं कधीच नाही. इथं मुलं घाई करतात आणि लगदा होतो. विंचरत राहिलं की केसाहून बारीक तंतू सुटे होतात. तो एकेक तंतू म्हणजे एक पेशी. मिथिलीन ब्लूचा थेंब टाका, दोन मिनिटं थांबा, जादा रंग टिपकागदानं टिपून घ्या, आच्छादक काच ठेवा. आधी कमी शक्तीच्या भिंगाखाली सुटा पडलेला तंतू शोधा, मग ४०च्या भिंगावर जा. मंचाखालची झडप थोडी मिटून प्रकाश कमी करा. हे केलं नाही तर पट्टे दिसतच नाहीत आणि मुलं म्हणतात, मॅडम, पुस्तकात खोटं दिलंय.

प्रकाश जमला की दिसतं ते बघण्यासारखं असतं. तंतूच्या आरपार बारीक आडव्या रेघा, एक गडद, एक फिकट, परत गडद, अगदी सारख्या अंतरावर. कडेला निळे ठिपके, ती केंद्रकं. एका पेशीत एक नाही, कितीतरी. लहान लहान पेशी एकमेकींत मिसळून हा लांब तंतू तयार झालेला असतो, म्हणून इतकी केंद्रकं. गडद-फिकट पट्ट्यांचा एक संच साधारण अडीच मायक्रोमीटरचा. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे चारशे.

हे पट्टे कशाचे, याचं उत्तर १९५४ साली मिळालं. अँड्र्यू हक्स्ली आणि ह्यू हक्स्ली या दोन शास्त्रज्ञांनी (आडनाव एक, नातं काही नाही) आपापल्या सहकाऱ्यांबरोबर स्वतंत्रपणे तेच शोधलं आणि 'नेचर'च्या एकाच अंकात ते छापून आलं. स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते, फिकट पट्टा अरुंद होतो. म्हणजे आतले तंतू आखूड होतच नाहीत, ते एकमेकांत सरकतात. गडद पट्ट्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड तंतू, फिकट पट्ट्यात अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे बारीक. चेतातंतूकडून संदेश आला की पेशीत कॅल्शियम सुटतं, अ‍ॅक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात, आणि मायोसिनची डोकी, म्हणजे जाड तंतूतून बाहेर आलेली टोकं, त्याला धरून खेचतात, सोडतात, पुढं धरतात, परत खेचतात. विहिरीतून घागर ओढताना हात आलटून-पालटून दोर पुढं धरावा तसं.

या साखळीत एक गोष्ट मुलांना हमखास उलटी वाटते, आणि मला ती फार आवडते. एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं रसायन, डोकं सोडवायलासुद्धा लागतं. एटीपी संपलं तर मायोसिन अ‍ॅक्टिनला धरून तसंच अडकून राहतं. ताटलीतला तुकडा काही तासांनी ताठ झाला तो म्हणूनच. मृत शरीर ताठरतं तेही यामुळेच. सैल पडायलाही ऊर्जा लागते.

हृदय हातात घेतल्यावर आधी ते उभं चिरा. डावीकडची भिंत जाड, उजवीकडची पातळ. डाव्या बाजूला सगळ्या अंगाला रक्त पोचवायचं असतं, उजवीला फक्त फुप्फुसापर्यंत. मग मांडीच्या तुकड्यासारखंच विंचरून बघा. नीट सुटत नाही, तंतू मध्येच तुटतात. त्या पेशींना फाटे असतात आणि त्या टोकाला टोक घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे एका पेशीतला संदेश सरळ शेजारणीत जातो आणि सगळं हृदय एकदम आखडतं. पट्टे इथंही असतात, पण आपल्या इच्छेचा संबंध नाही. ठोक्याची सुरुवात हृदय स्वतःच करतं. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाला लाखाच्या वर ठोके होतात.

वजडीत तंतू शोधू नका, मिळणार नाहीत. तिथला स्नायू थरांनी सुटतो. पेशी मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळत्या, प्रत्येकीत एकच केंद्रक, पट्टे नाहीत. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात त्या सुट्या दिसणं अवघड आहे, तयार काचपट्टी असेल तर ती दाखवा. जठर, आतडी, मूत्राशय, गर्भाशय, रक्तवाहिन्यांच्या भिंती, सगळीकडं हाच संथ पण चिवट स्नायू. जिवंत बघायचा असेल तर अंधाऱ्या खोलीत आरशासमोर उभं राहून मोबाइलचा टॉर्च चेहऱ्याच्या बाजूनं, क्षणभरच, डोळ्याजवळ आणा. थेट डोळ्यात मारायचा नाही. बाहुली आकसते. ती आकसवणारा अपटकी स्नायू आहे, आणि कितीही मनात आणलं तरी तो थांबवता येत नाही.

सगळं झाल्यावर सुया, काचपट्ट्या आणि टेबल जंतुनाशकानं पुसून घ्या, हात साबणानं धुवा, आणि प्रयोगाचं मटण रस्स्यात जाऊ देऊ नका.

ताणक्षमता आणि लवचिकता हे दोन गुण अंगावरच दिसतात. पाय सरळ ठेवून बसा आणि पायाचा अंगठा धरा. मांडीच्या मागचा स्नायू ताणला जातो, सोडल्यावर मूळच्या लांबीला येतो. ताणला जातो हा एक गुण, परत येतो हा दुसरा. पेपरात मुलं ही दोन नावं कायम एकमेकांच्या जागी लिहितात.

स्नायूचं एक काम पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं, ते म्हणजे उष्णता. वर्गात सगळ्यांना वीस बैठका मारायला लावा, मग गाल बघा. स्नायू वापरतो त्या ऊर्जेपैकी पाव हिस्सा, फार तर, प्रत्यक्ष कामात येतो. बाकीची ऊब होते. थंडीत पहाटे पन्हाळ्यावर अंग कापतं तेव्हा शरीर मुद्दाम हेच करत असतं, हालचालीसाठी नाही, उबेसाठी. पोटरीचंही सांगा. चालताना ती आखडते तेव्हा पायातल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर हृदयाकडं ढकललं जातं. दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्यांचे पाय संध्याकाळी सुजतात, रंकाळ्यावर फेरी मारणाऱ्यांचे सहसा नाहीत.

ज्योतिबाचा डोंगर चढून-उतरून आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी विचारा, मांड्या कशानं भरल्या? सगळे चढणीला दोष देतात. खरं कारण जास्त करून उतरण असते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ओढत असतो आणि त्याच वेळी लांबत असतो. अंगाचं वजन खाली येताना त्याला ते सावरून धरायचं असतं. अशा कामात तंतूंना बारीक इजा होते, आणि तिची ठणक एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त असते. लॅक्टिक आम्लामुळे दुसऱ्या दिवशी दुखतं असं अजून सगळीकडं सांगितलं जातं, पण ते आम्ल श्रम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुखऱ्या मांड्यांना पूर्ण झोपवून ठेवू नका, हलकं चालणं चांगलं. इजा भरून येताना स्नायू त्या कामाला तयार होतो. पंधरा दिवसांनी तोच डोंगर उतरला तर कमी दुखतं.

मात्र एका दुखण्याला साधं दुखणं समजू नका. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेली किंवा तालमीत नवी गेलेली पोरं ईर्ष्येनं पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका मारतात. स्नायूपेशी फार मोठ्या प्रमाणात फुटल्या तर त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात येतं आणि मूत्रपिंडावर भार पडतो. मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या, उभं राहता येईना, आणि लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, उद्या बघू म्हणायचं नाही. भरपूर पाणी पाजून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि किती बैठका मारल्या ते डॉक्टरांना खरं सांगायचं. वस्ताद नव्या पोराला पहिले दिवस थोडक्यात थांबवतात ते याच कारणासाठी, आणि मी हा भाग शिकवताना हे न सांगता वर्ग सोडत नाही.