प्लास्टर निघालं म्हणजे झालं असं समजू नका: घरातल्या वयस्कर माणसांची हाडं कशी सांभाळायची

आमची आई ६८ व्या वर्षी मागच्या दारी कपडे वाळत घालताना घसरली, हातावर पडली आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग ते निघालं, सगळे म्हणाले थोडक्यात निभावलं. हाडांची तपासणी करून घ्या असं कुणी सांगितलं नाही आणि आम्हालाही सुचलं नाही. दोन वर्षांनी पलंगाखालची ट्रंक ओढताना पाठीत कळ आली, आम्ही आठ दिवस बाम चोळत बसलो, शेवटी एक्सरे काढला तर मणका दबलेला. म्हणून सांगते, पन्नाशीनंतर चालता चालता साधं पडून हाड मोडलं तर ते ठिसूळ झालेलं असू शकतं आणि उपचार तिथूनच सुरू करायचे असतात.

आधी एक गैरसमज काढून टाका. गुडघे झिजणं वेगळं आणि हाडं ठिसूळ होणं वेगळं. गुडघे दुखतात, ठिसूळ हाड मोडेपर्यंत बहुतेक वेळा काहीच दुखत नाही. आईच्या बाबतीत खूण होती खरं तर, साडीच्या निऱ्या जमिनीवर लोळायला लागल्या होत्या, ती म्हणायची निऱ्या नीट बसत नाहीत हल्ली. उंची कमी झाली होती! तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरच्या आसपास कमी भरली तर पाठीचा एक्सरे काढायला सांगा.

तपासणी म्हणजे डेक्सा स्कॅन, हाडं किती घट्ट आहेत ते मोजणारा एक्सरे. कंबर आणि खुबा बघतात, दहा-पंधरा मिनिटं झोपायचं, दुखत नाही. रिपोर्टमधला टी-स्कोर, म्हणजे तरुण माणसाच्या हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याहून खाली असला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असला तर हाडं विरळ व्हायला लागलीत. शिबिरात टाचेवर मशीन लावून सांगतात तो नुसता अंदाज, त्यावर औषध सुरू करू नका. डेक्सा बायकांनी ६५ नंतर आणि पुरुषांनी ७० नंतर करावी, पण पाळी लवकर गेली असेल, अंडाशय काढले असतील, दम्याला किंवा संधिवाताला तीन महिन्यांपेक्षा जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, आई-वडिलांचा खुबा मोडला असेल, तर थांबू नका.

खाण्यात कॅल्शियम रोज साधारण १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, एक कप दुधात दोनशेच्या वर, शिवाय तीळ, दही, राजगिरा. पण आमच्याकडे खरी उणीव प्रोटीनची निघाली, आई रात्री चहा-बिस्किटावर भागवायची, आता वाटीभर घट्ट वरण नाहीतर अंडं असल्याशिवाय ताट उचलू देत नाही. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणासोबत घ्यायची, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. व्हिटॅमिन डीचे ६० हजार युनिटचे सॅशे मनानेच वर्षभर घेत राहू नका, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि किडनीला त्रास होतो.

आणि नुसतं कॅल्शियम म्हणजे उपचार नव्हे, हाड आधीच ठिसूळ असेल तर औषध लागतं. आठवड्यातून एकदाची अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. आईने पहिल्या रविवारी चहाबरोबर घेतली आणि परत जाऊन झोपली, दिवसभर छातीत जळजळ. आता गोळी घेऊन ती गॅलरीत झाडांना पाणी घालते, वेळ निघून जातो. वर्षातून एकदाचं झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं सलाईन असतं, त्या आधी किडनी आणि व्हिटॅमिन डी तपासतात, पहिल्यांदा दोन-तीन दिवस ताप-अंगदुखी येऊ शकते, घाबरू नका. डेनोसुमॅबचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं आणि ते चुकवायचं नाही म्हणजे नाहीच, मधेच बंद केलं तर मणके मोडायचा धोका झपाट्याने वाढतो, बंद करायचं झालं तर दुसरं औषध कोणतं ते आधी विचारा. दात काढायचे असतील तर ही औषधं सुरू व्हायच्या आधी काढून घ्या.

आता घर. बाथरूममधे कमोडशेजारी स्टीलचा हँडल भिंतीत पक्का बसवा, टॉवेलचा दांडा धरला की दांड्यासकट माणूस खाली येतो. अंघोळीला स्टूल, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर बारीक दिवा, सरकणारी पायपुसणी आणि तळ गुळगुळीत झालेल्या चपला बाहेर. मोतीबिंदू असेल तर चालढकल नको. झोपेच्या आणि बीपीच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का ते बघा, उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायची सवय लावा. पडेल म्हणून बसवून ठेवू नका, पायातली ताकद जाते आणि मग जास्तच पडतात. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठबस, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, रोज चालणं. मणका दबलेला असेल तर पुढे वाकायची आसनं आणि भरलेली बादली उचलणं बंद.

पडल्यावर पाय उचलता येत नसेल, आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलं असेल तर खुबा मोडलाय असं धरून चाला. उभं करू नका, मालीश नको, हाडवैद्य नको, १०८ ला फोन करा. वय झालंय आता कशाला ऑपरेशन असं नातेवाईक म्हणतीलच, पण पडून राहिलं की न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळ्या होतात, म्हणून शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करायचं. डिस्चार्ज घेताना मात्र कागद हातात घ्यायच्या आधी विचारा, हाडांचं औषध कोणतं आणि कधीपासून.