व्हीलचेअरवरचं प्लिए : दिव्यांग विद्यार्थ्यांना बॅले शिकवताना

बॅलेच्या वर्गात व्हीलचेअर वापरणारी मुलगी आली, की तिला कडेला बसवून नुसते हात हलवायला सांगतात. ती वर्षभर नियमानं येते, पण बॅले शिकत नाही. तिला शिकवायचं असेल तर प्रत्येक हालचाल मुळात कशासाठी आहे ते आधी ओळखावं लागतं.

सुरुवात जागेपासून करा. वडोदऱ्यात रावपुरा, दांडिया बाजारकडे हॉल पाहायला गेलात, तर भाडं विचारण्याआधी ओटा, उंबरा आणि दार मोजा. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी हवी, आत खुर्ची वळायला १५० सेंमी व्यासाची जागा हवी. स्वच्छतागृहाचं दारही मोजा. ते नेमकं राहून जातं. कोटा फरशीवर उड्या मारल्या की नडग्या दुखतात, आणि जाड मऊ गादीत चाकं रुततात. म्हणून सुताराकडून रबरी पट्ट्यांवर १८ मिमी प्लाय बसवून घ्या आणि त्यावर पातळ व्हिनाइल घट्ट चिकटवा. याच लाकडी जमिनीवर स्पीकर ठेवला, तर कर्णबधिर विद्यार्थ्यांना ठोका तळपायातून कळतो. दगडी फरशीतून तो पोचत नाही.

उभ्यानं सराव करणाऱ्या मोठ्यांसाठी बार, म्हणजे धरून सराव करायचा आडवा दांडा, साधारण १०५ सेंमीवर असतो. बसलेल्यांसाठी सुमारे ७५ सेंमीवर दुसरा लावा, पण शेवटचा निर्णय टेपनं नव्हे, खांद्यानं घ्या. कोपर किंचित वाकलेलं आणि खांदा खाली, ही योग्य उंची. बार उंच झाला की खांदे चढतात, मान आखडते आणि हातांचं सगळं काम बिघडतं. भिंतीतल्या बारला खुर्चीचे पायटे (फूटरेस्ट) अडतात, म्हणून सुटा स्टँड बरा. त्याची आडवी पट्टी चाकांच्या वाटेत येऊ नये.

आता खरं काम. प्लिए म्हणजे नुसते गुडघे वाकवणं नव्हे. वजन खाली जातं आणि तळाशी न थांबता वर येतं, हे त्याचं सार. खुर्चीत श्वास सोडत बरगड्या आणि कोपरं सैल सोडायची, मग बैठकीच्या दोन्ही हाडांवर दाब देत कणा वर वाढवायचा. धडावर ताबा नसेल तर हेच खांद्याच्या पात्यांतून करता येतं. इतरांना चार मात्रा, तर हिलाही चारच. तॉन्द्यूमध्ये पाय जमिनीवरून घसरत लांब होतो. इथे तळवा मांडीवरून गुडघ्याकडे सरकतो आणि बोटांची टोकं शेवटी सुटतात. पिरुएटमध्ये, म्हणजे जागच्या जागी घेतलेल्या गिरकीत, एक चाक पुढे ढकला, दुसरं मागे ओढा. दोन्ही पुढे ढकलली तर गिरकी न होता खुर्ची पुढे पळते. नजर एका बिंदूवर रोखून डोकं शेवटी झटकन वळवायचं, हा नियम इथेही तोच. बारपाशी दोन्ही ब्रेक लावलेले, गिरकीला काढलेले. कमरेचा पट्टा आणि खुर्ची मागे उलटू न देणारी आधार-चाकं मात्र कायम.

तीनची लय मुलांना परकी वाटली तर वॉल्ट्झ दादऱ्याच्या सहा मात्रांवर मोजून घ्या. लगेच बसते.

काही बाबतींत चूक महागात पडते. डाउन सिंड्रोम असेल तर मानेचे वरचे मणके अस्थिर असू शकतात. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय मान गोल फिरवणं किंवा कोलांटी नको. सांधे सैल असल्यानं पाय सहज बाहेर वळतात. त्याला कौशल्य समजून आणखी ताणू नका, आधी स्नायूंची ताकद वाढवा. मज्जारज्जूला इजा असलेल्यांना इजेच्या खाली घाम येत नाही किंवा कमी येतो, त्यामुळे शरीर तापतं; वडोदऱ्याच्या मे महिन्यात वर्ग सकाळी सातला ठेवा, ओलं फडकं जवळ असू द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी बैठकीवरचा भार हलवायला वेळ द्या, नाहीतर त्वचेला जखमा होतात. सेरेब्रल पाल्सीत अचानक मोठ्या आवाजानं शरीर ताठरतं, म्हणून संगीत हळू आवाजात सुरू करा.

अंध विद्यार्थ्यांसाठी चिकटपट्टीखाली सुतळी घालून जमिनीवर मध्यरेषा आखा. ती पावलाला कळते. ब्राझीलमधल्या साओ पावलोत नृत्यशिक्षिका फर्नांदा बियांकिनी १९९५ पासून अंध मुलींना स्पर्शातून बॅले शिकवत आल्या आहेत. मात्र हात लावण्याआधी प्रत्येक वेळी विचारा, आणि "असं करा" ऐवजी "उजवा हात खांद्याच्या रेषेत" असं बोला.

गणेशोत्सवात मंडपात कार्यक्रम असेल तर रंगमंचाची उंची आधी विचारा. १:१२ उतारानं ६० सेंमी उंचीला ७ मीटर २० सेंमी लांब रॅम्प लागतो, आणि मांडववाल्याला हे आदल्या दिवशी सांगून चालत नाही. रॅम्प विंगेत उतरवा आणि त्याच वाटेनं सगळ्यांचा प्रवेश बसवा. तालमीत या वाटेनं लागणाऱ्या मात्रा मोजून संगीतात तेवढी जागा ठेवा, म्हणजे खुर्चीवरची नर्तकी पहिल्या समेला मधोमध पोचलेली असेल.