भारत-चीन सीमा नकाशावर काढताय? या चुका टाळा

सह्याद्रीत हिशेब सोपा असतो. घाटमाथ्यावर उभं राहिलं की एका अंगाचं पाणी कोकणात, दुसऱ्या अंगाचं कृष्णा-गोदावरीला. हाच घाटमाथा डोक्यात ठेवून अरुणाचलची सीमा काढायला बसलात तर फसाल. सियांग, सुबनसिरी, लोहित या नद्या तिबेटात उगम पावून हिमालय कापत खाली येतात. सॉफ्टवेअरला नुसती पाणलोटाची रेषा काढायला सांगितली, तर ती नदीच्या मागेमागे थेट तिबेटात जाते.

लडाखकडे उलटा घोळ. अक्साई चीनमधलं बरंच पाणी समुद्राला मिळतच नाही, तिथल्याच खाऱ्या तळ्यांत जिरतं. आपण मात्र सॉफ्टवेअरमध्ये पाणी कुठे अडू नये म्हणून सवयीने उंचीच्या डेटातले ‘खड्डे’ बुजवतो. खोरंच भरून जातं आणि सगळ्यात खालच्या खिंडीतून खोटं पाणी वाहू लागतं. मी एकदा अख्खी संध्याकाळ त्या खोट्या नदीचा उगम शोधत बसलो होतो!

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे शाईलाच सीमा मानणं. मार्च 1914 मध्ये ब्रिटिश भारताचे हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोनचेन शात्रा यांनी ज्या नकाशावर भारत-तिबेट सीमेची रेषा (मॅकमहोन रेषा) ठरवली, त्याचं प्रमाण होतं एका इंचाला आठ मैल. म्हणजे एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर जवळपास अर्धा किलोमीटर रुंद. (चीनने ती रेषा कधीच मानली नाही, हा भाग वेगळा.) तवांगच्या पश्चिमेला तर नकाशातली रेघ थागला धारेच्या, म्हणजे तिथल्या डोंगरकण्याच्या, दक्षिणेला पडते. भारताचं म्हणणं असं, की ठरलं होतं ते सर्वांत उंच पाणलोटाचं तत्त्व, म्हणून सीमा थागलाच्या धारेवरच. ऑक्टोबर 1962 मध्ये लढाईला तोंड फुटलं ते याच धारेखाली, नामका चू नदीच्या काठी. तेव्हा स्कॅन केलेली रेघ आणि धारेवरून काढलेली रेघ वेगवेगळ्या थरांत ठेवा, आणि प्रत्येक तुकड्यापुढे तो कुठून आला ते लिहा. दोन्हींची सरासरी काढून ‘मधली’ रेघ मारू नका, ती कुणाचीच नसते.

जुन्या टोपोशीटवरचे (सर्वेक्षणाच्या नकाशांवरचे) अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर, तुमचा जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर; पृथ्वीचा आकार मानायची ही दोन वेगळी मापं. हा पाया, म्हणजे डेटम, न बदलता एकावर एक ठेवलंत तर या भागात रेषा काहीशे मीटर सरकते.

प्रत्यक्ष नियंत्रण रेषा, म्हणजे आज कुणाचा ताबा कुठवर आहे ते दाखवणारी रेषा, म्हणजे सीमा नव्हे. तिला तुटक रेघ आणि वेगळं नाव द्या.

आणि फुकट मिळणारी जगाची शेपफाईल (सीमांचा डिजिटल नकाशा) जशीच्या तशी छापू नका. त्यात बहुधा प्रत्यक्ष ताब्यानुसार सीमा असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध केला, तर 1961 च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बाह्य सीमा त्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्या. फाईल 2019 नंतरची, म्हणजे लडाख वेगळा दाखवणारी आहे ना, तेवढं उघडून बघा.