‘कळसूबाई हसतखेळत करतो’ म्हणून हिमालय आखताय? या चुका टाळा

आमचा पहिला हिमालयातला ट्रेक ठरला तो ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर, कोणाला किती रजा मिळेल या हिशेबाने. पाच दिवस रजा, मागेपुढे शनिवार-रविवार, झाले नऊ. शुक्रवारी रात्री ठाणं सोडायचं, शनिवारी दिल्ली, रात्रभर बस, रविवारी सकाळी मनाली आणि आंघोळ उरकून लगेच जोब्राकडे, म्हणजे चालायला सुरुवात होते तिथे, गाडी. ट्रेक हम्प्टा पास या खिंडीचा. एक्सेल शीटमध्ये एकही रिकामा दिवस नव्हता, आणि याच गोष्टीचं आम्हाला भारी कौतुक होतं. त्यानंतर ओळखीपाळखीतले बरेच जण ‘एकदा बघून दे’ म्हणून प्लॅन पाठवतात. दहातल्या आठांत तीच शीट असते, फक्त डोंगराचं नाव बदललेलं.

दमसास आहे म्हणजे उंची झेपेल, हा समज

कळसूबाई १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच काही नाही. मनाली गावच साधारण २०५० मीटरवर आहे. म्हणजे आपण आयुष्यभर जे काही चढलो, ते सगळं मनालीच्या बस स्टँडच्या खाली राहतं!

येऊरचा चढ, माहुली, हरिश्चंद्रगड, पनवेलकडचा कलावंतीण, खारघरच्या टेकड्या हे सगळं कराच. पाय घट्ट होतात, तोल येतो, पाठीवरच्या वजनाची सवय होते. फक्त विरळ हवेची सवय इथे होत नाही. वर ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच, २१ टक्के असतं. कमी होतो तो हवेचा दाब. साधारण ५५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा उरतो, म्हणजे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजनही निम्मा. शरीर याच्याशी जुळवून घेतं, पण त्यासाठी त्याला मुक्कामाच्या काही रात्री द्याव्या लागतात. व्यायामाने त्या वाचत नाहीत. उलट तयारीचा गडीच जास्त अडकतो, कारण पाय चालतात म्हणून तो भराभर वर जातो.

प्लॅन तपासायची माझी पद्धत सोपी आहे. दिवसभरात किती किलोमीटर, कुठे काय बघायचं, ते सगळं झाकून ठेवायचं आणि फक्त मुक्कामाच्या उंच्या एकाखाली एक लिहायच्या. ३००० मीटरच्या वर गेलं की आजचा मुक्काम कालच्यापेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपलात तर उत्तमच. आमची शीट अशी उतरवली असती तर लगेच दिसलं असतं: ठाणे शून्य, मग बसमधली रात्र, मग थेट चिका ३१००, त्यानंतर बालू का घेरा ३६००. त्यावर ४२७० मीटरची खिंड ओलांडायची. मनालीत रात्रच नाही! आता मी मनालीत दोन रात्री आणि बालू का घेराला एक राखीव दिवस धरल्याशिवाय त्या ट्रेकला हो म्हणत नाही.

लेहला विमानाने जाणाऱ्यांची तर दोन तासांत ३५०० मीटरवर उडी पडते. तिथे पहिले दोन दिवस खोलीवर लोळण्यासाठीच ठेवायचे. शांती स्तूपाच्या पायऱ्यासुद्धा नकोत.

त्रासाला भलतंच नाव देणं

बालू का घेराच्या तळावर संध्याकाळी आमच्यातल्या एकाने अर्धा राजमा-चावल तसाच टाकला. माहुलीला हाच सगळ्यांच्या पुढे असतो. ‘अरे काही नाही, ॲसिडिटी झालीय, ओवा चावतो.’ डोकं दुखत होतं, ते ‘उन्हाने’. रात्री झोप लागली नाही, ती ‘जागा बदलली म्हणून’. सकाळी तो बूट घालायला बसला आणि नाडीची दोन टोकं हातात धरून नुसता बसून राहिला. पाच मिनिटं तरी.

आपल्याकडे दुखण्याला घरगुती कारण चटकन सापडतं: पित्त, ऊन, गाडी लागली, वारं लागलं. वर गेल्यावर एकच नियम ठेवा. डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ, भूक मेलेली, चक्कर किंवा गळाठा असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते उंचीचंच दुखणं. त्रास बहुधा पोहोचल्यावर काही तासांनी, रात्री किंवा दुसऱ्या सकाळी चढतो, म्हणून ‘आल्या आल्या तर ठीक होतो’ याला अर्थ नाही. सौम्य त्रासात त्याच उंचीवर थांबायचं, पाणी प्यायचं, पूर्ण बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. थांबूनही वाढला तर खाली.

आमच्या गाइडने त्याला टाचेला बोटं टेकवत सरळ रेषेत चालायला लावलं. तो नीट चालला, म्हणून आमचा जीव भांड्यात पडला. पाय लटपटत असतील किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर मेंदूला सूज येते आहे असं समजायचं. नुसतं बसूनही धाप लागत असेल, खोकल्यातून फेसाळ किंवा गुलाबी थुंकी येत असेल, तर फुप्फुसांत पाणी. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नसते. रात्र असो, पाऊस असो, त्याला सोबत देऊन लगेच खाली न्यायचं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका, गारठलेल्या बोटावर तो काहीही आकडे दाखवतो.

मित्राला एका मदतनिसाबरोबर खाली पाठवलं. संध्याकाळी मनालीत तो ठणठणीत होता, थुक्पा ओरपत होता म्हणे. एक दिवस हाताशी असता तर आम्ही थांबलो असतो आणि कदाचित तोही खिंडीवर आला असता. पण शीटमध्ये तो दिवस नव्हता.

डायमॉक्सबद्दल सगळेच विचारतात. ही गोळी उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, पण मुक्कामाच्या त्या रात्री वाचवून देत नाही. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष जपावं. आधी ठाण्यातच आपल्या डॉक्टरांना विचारा, जमल्यास एक-दोन दिवस घरीच घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं. तंबूत पहिल्यांदा कळलं की माणूस घाबरतो. आणि वर असताना दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

ओढा सह्याद्रीसारखाच वागेल असं धरणं

आपला ओढा पावसाने फुगतो. तिकडचा उन्हाने. सकाळी पिंढरीपर्यंत असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळल्यावर मांडीला लागतं, आणि ते इतकं गार असतं की दुसऱ्या काठावर पाय आपले वाटत नाहीत. म्हणून ओढे सकाळी ओलांडायचे. उशिरा पोहोचलात तर अलीकडेच मुक्काम, म्हणजे पुन्हा जादा दिवस लागलाच.

पावसाचा हिशेबही वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडात दरडी कोसळतात, लडाख त्यामानाने कोरडं. माळशेज ओलांडून आळेफाट्याकडे उतरलं की ढग मागे राहतात, तसंच हम्प्टा पासवर होतं: कुल्लूची हिरवळ मागे, समोर लाहौलचे उघडे डोंगर.

माळ्यावरचे बूट

हे ठाणे-नवी मुंबईकरांचं खास दुखणं. चांगले महागाचे बूट एका ट्रेकनंतर पिशवीत बांधून माळ्यावर जातात आणि दोन पावसाळे दमट हवा खातात. सोलमधलं पॉलियुरेथेन ओलाव्याने आतून कुजतं. वरून बूट नवाकोरा दिसतो. माझ्या उजव्या बुटाचा सोल चिकाच्या अलीकडे टाचेकडून सुटला, जिभेसारखा लोंबायला लागला. हात लावला तर भुगा आला. पुढचे तीन दिवस सुतळी आणि चिकटपट्टीवर काढले. महिनाभर आधी बूट काढा, सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, मग वजन घेऊन येऊरला चार-पाच फेऱ्या मारा. नवे घेतले असतील तरी हेच. उतरायचा सराव खास करा, गुडघे उतारावरच बोलतात. सोसायटीचे जिने त्याला उत्तम. वर लिफ्टने जा, खाली पायी या. वॉचमन हसेल.

बारीकसारीक, पण नडणारं

सुती टी-शर्ट आणि जीन्स घरीच ठेवा, भिजले की वाळत नाहीत. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेतच चालते. रात्री ती आणि मोबाइल स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत बॅटरी बसते. लडाखला जाताना पोस्टपेड सिम हवं, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. विमा असेल तर तो किती मीटरपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का, एवढ्या दोन ओळी शोधून वाचा. भूक मेली की राजमा नकोसा होतो, तेव्हा मेतकूट आणि तूप घालून गरम भात खाली उतरतो. डबीभर मेतकुटाचं ओझं होत नाही.

परतीचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा, आणि राखीव दिवस मोजूनच काढा. दुसऱ्या वर्षी आम्ही अकरा दिवस धरले. एकाला तेवढी रजा मिळेना, तो ठाण्यातच राहिला. आदल्या वर्षी खाली गेलेला मित्र मात्र आला. बालू का घेराला आम्ही दिवसभर तंबूबाहेर पत्ते कुटत बसलो, आणि त्याने मेतकूट-भात दोनदा मागून घेतला.